गळ्याखालचा फोटो

थोरला मुलगा बुडाल्याची तार आल्यापासून गल्लीतले लोक त्याच्या आईसमोर जपून बोलत. कुणाचा धंदा बुडाला तरी 'बसला' म्हणत. सैन्याचं जहाज वाटेतच पाण्याखाली गेलं, कुणी हाती लागलं नाही, एवढंच सरकारनं कळवलं होतं. पोरगा लढाईपर्यंत पोचलाच नव्हता.

आता नगर कचेरीच्या भिंतीवर युद्धात जीव गेलेल्या शिपायांचे फोटो लागणार होते. तिनं नेलेला फोटो कारकुनानं पाहिला न पाहिला आणि परत दिला.

"बाई, हा शर्टातला आहे. गणवेशातला आणा. भिंत एकसारखी दिसायला हवी."

गणवेशातला आणायचा कुठून? थोरल्याला गणवेश मिळाला तो बंदरावर, जहाजात चढता चढता.

फोटोवाल्यानं मात्र हसून धीर दिला. "मावशी, असे कितीतरी करून दिलेत मी. चेहरा ह्याचा, गळ्याखालचं दुसऱ्याचं. ह्याच्या बांध्याचा कुणीतरी आणा. गणवेश आहे माझ्याकडे."

बांध्याचा माणूस घरातच होता. धाकटा सायकलच्या दुकानात कामाला होता आणि अलीकडे थोरल्याचे शर्ट त्याला नेमके बसू लागले होते.

दोघं फोटोवाल्याकडे गेली तेव्हा गणवेश खुंटीवर चुरगळून लोंबत होता. तिचा अर्धा जन्म धुलाईच्या कारखान्यात इस्त्री फिरवण्यात गेलेला. तिला ते बघवेना.

"इस्त्री द्या इकडे. बोळा झालेला पोरगा नको मला भिंतीवर."

टेबलावर घोंगडी घालून तिनं आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ नीट केली. धाकटा पडद्याआड गेला आणि कपडे घालून बाहेर आला. तिचा हात तोंडाशी गेला. क्षणभर वाटलं, आला!

धाकटा आरशासमोर उभा राहिला. टोपी जरा तिरकी केली, परत सरळ केली. स्वतःवरून त्याची नजर हलेना.

"अंगावर शिवल्यासारखा!" फोटोवाला म्हणाला. "तुला तर भरतीवाले रांगेतूनच उचलतील."

"सोमवारी आहे भरती," धाकटा बोलून गेला.

"तुला काय ठाऊक?" तिनं विचारलं.

"दुकानातले दोघं जाताहेत."

"आणि तू?"

"मी काही म्हणालो का?"

"नाही म्हणालास म्हणूनच विचारतेय."

फोटोवाला घाईनं मध्ये पडला. "चला, छाती पुढे. चेहऱ्याची काळजी नको, मान तर कापायचीच आहे."

ती सरळ धाकट्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काढ हे."

"आई, दादाचा फोटो…"

"नाही लागला तर नाही."

"त्यानं देशासाठी जीव दिला, आणि तू त्याला हातभर भिंत द्यायला तयार नाहीस?"

"जीव दिला नाही रे. त्याला पोहता येत नव्हतं. हे ठाऊक असून त्यांनी जहाजात चढवला."

"मला येतं पोहता," धाकटा म्हणाला.

तो शाळेत जाताना लावून द्यायची तशी तिनं त्याची बटणं हातात घेतली आणि ती वरून एकेक काढू लागली. त्यानं तिची मनगटं धरली. जोरानं नव्हे, पण सोडलीही नाहीत.

"मावशी, बाजूला व्हा," काळ्या कापडाखालून फोटोवाला म्हणाला. "तुम्ही फोटोत येताय."

"मग कापा की मला," ती म्हणाली, आणि पुढचं बटण शोधू लागली.