मर्सीच्या तसबिरीला ओला हार

मी एक जुनी तसबीर आहे, तैलरंगातली. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मी दमले आहे. सव्वादोनशे वर्षं एकाच खुर्चीत ताठ बसणं ही काही चेष्टा नाही.

अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली होती, तेव्हा फिलाडेल्फियात माझा जन्म झाला. एका जहाजाच्या कप्तानाने आपल्या बायकोला, मर्सीला, चित्रकारासमोर बसवलं. त्या काळी तिथे ग्रीक-रोमन साधेपणाचं वेड होतं. म्हणून अंगावर पांढरा झगा, दागिना एकही नाही आणि मागे दगडी खांब. मर्सीच्या घरात असला खांब नव्हता, तो चित्रकाराने पदरचा घातला. समुद्रावर बायकोचा चेहरा दिसावा म्हणून कप्तान मला बरोबर नेणार होता. पण रंग वाळायच्या आतच जहाज सुटलं, आणि तो परत आला नाही.

मर्सी गेल्यावर मी माळ्यावर पडले, मग लिलावात गेले. लोक माझी चौकट वाखाणायचे. ही बाई कोण, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

शेवटी एका हॉटेलवाल्याने मला कतारला आणलं. वर्ल्ड कपच्या तयारीत दोहा नुसतं खणून ठेवलं होतं. शहरातल्या अल थुमामा भागातल्या एका गोदामात धूळ खात मी लॉबीतल्या भिंतीची वाट पाहत होते. माझी पेटी साताऱ्याकडच्या शहाजी सुताराने उघडली. त्याने लगेच इंजिनिअर हर्षलला विचारलं, "सायेब, ह्या बाई कोण?"

हर्षलने पेटीतला कागद वाचला. "मर्सी. कप्तानाची बायको. जाऊन दोनशे वर्षं होत आली."

गुरुवारी संध्याकाळी शहाजीने मला मोगऱ्याचा हार घातला, पाणी शिंपडलेला, ओलाचिंब. मध्ये शुक्रवारची सुट्टी. शनिवारी हार काढला, तर खाली माझं व्हार्निश पांढरं पडलेलं.

"शहाजीभाऊ, काय केलंत हे? ओरिजिनल पेंटिंग आहे! बुधवारी हॉटेलचं ओपनिंग, आणि रिपेअरला महिना लागेल!" हर्षल ओरडला.

"गेल्या माणसाची तसबीर बिनहाराची कशी ठिवायची, सायेब?" शहाजी म्हणाला. "माझी आई गेली तवा मी हितंच व्हतो. तिच्या तसबिरीला अजून माझ्या हातचा हार न्हाई."

हर्षलने फोन काढला आणि तसबीर बुधवारी लागणार नाही, असं हॉटेलवाल्याला कळवलं.

लॉबीतल्या माझ्या भिंतीवर फुटबॉलचं मोठं पोस्टर लागलं. हातातोंडाशी आलेला घास गेला, मला फार वाईट वाटलं. शहाजीचा रागही आला, पण तो टिकला नाही.

मित्रांनो, तसबिरीला ओलं लागू देऊ नका. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. आणि पुसताना एकदा तरी विचारा, हे माणूस कोण होतं?

दुरुस्तीला पाठवायला मला परत पेटीत ठेवून शहाजीने झाकण ठोकलं. वर इंग्रजी आणि अरबी सूचना छापलेल्या होत्याच. त्याने कानावरची पेन्सिल काढली असावी, कारण झाकणावर लिहिल्याची खरखर झाली. लिहिताना तो मोठ्याने वाचत होता, म्हणून मला आत ऐकू आलं.

"आत बाई आहेत. सावकाश."