पडद्यामागचा डावखुरा

राजनंदिनी झोळीत झोपली की मंजुषाचं ऑफिस उघडायचं. झोळी म्हणजे सासूचं जुनं लुगडं, आढ्याला बांधलेलं. आणि ऑफिस म्हणजे झोळीशेजारची सतरंजी आणि मांडीवरचा लॅपटॉप. एका हातानं झोळीची दोरी ओढायची, दुसऱ्या हातानं चित्रातला माणूस हलवायचा. पोरगी जागी झाली की माणूस जिथं असेल तिथं थांबायचा, कधी एक पाय हवेत ठेवून.

वडवणीत कुणी विचारलं, काय काम करतीस गं, तर सुरुवातीला ती खरं सांगायची, व्हिडिओ गेमची गोष्ट लिहिते, त्यातली माणसं काढते. ऐकणारी बाई मान डोलवायची आणि शेजारणीला जाऊन सांगायची, रुक्मिणीबाईंची सून बाळंतपणापासून मोबाईलवर गेम खेळत बसती. मग मंजुषानं खरं सांगणं सोडलं. कॉम्प्युटरचं काम, एवढंच म्हणायची.

खेळाचं नाव होतं 'फड', म्हणजे तोडणीचं उसाचं रान. ऊसतोडीला गेलेल्या एका नव्या नवरीचा खेळ. ती नवरी म्हणजे खेळणारा. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, कोपीत, म्हणजे खोपटात, चूल पेटवायची. पुण्याच्या त्या लहानशा कंपनीनं हा खेळ घेतला तो मात्र एका प्रसंगावर. उसानं भरलेली बैलगाडी ओढ्यात रुतते. एक बैल गुडघे टेकतो. नवरा त्या बैलाला सोडतो आणि त्याच्या जागी जुवाखाली आपला खांदा देतो. नवरी मागून चाकाला रेटा देते. गाडी हलते, पाणी उसळतं, गाडी निघते. हे मंजुषाच्या मनचं नव्हतं. तिच्या सासऱ्यांनी, उत्तरेश्वरांनी, खरंच केलेलं होतं. सासरे वारून बरीच वर्षं झाली. लग्न होऊन आल्यावर मंजुषानं सासूच्या तोंडून सगळ्यात आधी ऐकलेली गोष्ट ती हीच.

कंपनीतली स्वप्नाली कॉलेजची मैत्रीण. खेळाची गोष्ट तीच तपासायची. तिनं तो प्रसंग पाहिला आणि फोन केला.

"मंजे, हे कुठल्या पिच्चरमधलं गं?"

मंजुषाला आधी हसूच आलं. पण स्वप्नाली गंभीर होती. ती म्हणाली, हल्ली कुठलाही खेळ उघडला की तो पिच्चरच व्हायला बघतो. घटकाभर खेळायचं आणि मग हात मांडीवर ठेवून बघत बसायचं. तोच पाऊस, तेच संथ पडणारे घामाचे थेंब, मालिकेत सासूचा चेहरा तीनदा दाखवतात तसा तीनदा दाखवलेला चेहरा. लोक कंटाळलेत. वरचे लोकही म्हणतायत की हे सगळं कुठं तरी पाहिलंय. आपण खेळ करतोय की पिच्चरचं उष्टं वाढतोय?

मंजुषा म्हणाली, उष्टं कसलं, आमच्या घरात घडलंय हे. मग स्वप्नाली सावकाश म्हणाली, तसं असेल तर सासूबाईंना पुन्हा एकदा नीट विचार. खरं असेल तर मी भांडेन. नसेल तर प्रसंग काढावा लागेल, आणि हा काढला तर नुसती ऊसतोड उरते, त्यावर खेळ उभा राहणार नाही. आठवडाभरात सांग.

फोन ठेवल्यावर मंजुषा झोळीची दोरी ओढायचीच विसरली. पोरगी झाल्यापासून तिच्या दिवसाला सगळ्यांची नावं होती. पोरीची अंघोळ, नवऱ्याचा डबा, सासूचं गुडघ्याचं तेल. तिच्या नावाचं एवढं एकच होतं, 'फड'.

दुपारी तिचा नवरा रामप्रसाद जेवायला आला. बाजारात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळं पडदा दिसला की त्यात डोकवायची सवय. त्यानं भाकरी मोडता मोडता तो प्रसंग बघितला आणि घास हातातच राहिला.

"आबा डावखुरे कवा झाले?"

मंजुषानं पुन्हा लावून बघितलं. खरंच की. चित्रातला माणूस जुवाची दोरी डाव्या हातानं सोडत होता, चाबूक डाव्या हातात, खांदाही डावाच देत होता. पण हे तिनं आपल्या पदरचं थोडंच घातलं होतं? तिनं सासूला अंगणात उभं करून, हातात काठी देऊन, सगळं करून दाखवायला लावलं होतं आणि तिचे फोटो घेऊन तसंच्या तसं काढलं होतं.

ओसरीवर रुक्मिणीबाई तूर निवडत होत्या. लेकाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"डाव्याच हातानं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "माज्या डोळ्यासमोर हाय."

रामप्रसाद म्हणाला, माय, जेवायचे उजव्यानं, कोयता उजव्या हातात, मला मारायचे तेबी उजव्यानं, अजून डावा गाल गरम हाय. सगळे हसले. रुक्मिणीबाईही हसल्या, पण हटल्या नाहीत.

मंजुषाच्या डोक्यात मात्र दुसराच किडा वळवळला. खेळात एक गोष्ट आधी ठरवावी लागते, बघणारा डोळा कुठं ठेवायचा ही. तिनं तो नवरीच्या पाठीमागं ठेवला होता. तिनं सहज विचारलं, "आत्या, मामांनी खांदा दिला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"म्होरं. त्येंचं तोंड दिसत व्हतं की मला. दातावर दात धरल्याले."

"पण तुम्ही तर चाकापाशी होतात. मागं."

रुक्मिणीबाईंचा सुपातला हात थांबला. त्यांनी एक खडा उचलला, बघितला आणि परत सुपातच टाकला.

पुढचे दोन दिवस मंजुषानं विषय काढला नाही. स्वप्नालीचे निरोप यायचे, ती वाचायची आणि पोरीचं दुपटं धुवायला जायची. सासू खोटं सांगत नाही हे तिला दिसत होतं, आणि सांगितलेलं बसत नाही हेही दिसत होतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे तिला काही केल्या उमगेना.

मग एका सकाळी पोरीनंच घोळ वाढवला. रुक्मिणीबाई तिला दूधभाकर भरवत होत्या. तिनं डावा हात पुढं करून आजीच्या हातातला घास ओढला. रुक्मिणीबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघ गं, ही बी पडद्यामागचीच निघाली."

मंजुषानं विचारलं, म्हणजे काय? रुक्मिणीबाईंना नवल वाटलं, हे कुणाला सांगावं लागतं याचं. त्यांच्या टोळीत डावखुऱ्याला पडद्यामागचाच म्हणायचे. कारखान्यावर ऊसतोडीच्या कोप्या पडलेल्या असायच्या. कधीमधी मुकादम मशीन आणायचा, दोन बल्ल्यांना पांढरं धोतर ताणायचा आणि पिच्चर लावायचा. गडी लोक म्होरं बसायचे. बायांना भाकरी उरकून यायला उशीर व्हायचा, मग त्या धोतराच्या पाठीमागं बसायच्या. पाठीमागूनही दिसायचंच, फक्त उलटं. हिरो डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं मारामारी करायचा. अक्षरंही उलटी यायची म्हणे, पण त्या काळी वाचता कुणाला येत होतं?

सांगताना त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. मंजुषाला मात्र चित्रातला डावा हात आठवला. विचारू नये असं वाटत असतानाच तिनं विचारलं.

"आत्या, त्यातल्या एखाद्या पिच्चरमध्ये गाडी रुतायची होती का?"

रुक्मिणीबाई भरवायच्या थांबल्या. पोरगी घासासाठी त्यांचा हात ओढत राहिली.

"व्हती," त्या म्हणाल्या. आणि घास परत ताटलीत ठेवून, "म्हंजे मी इतकी वर्सं खोटं बोलले व्हय गं?"

मंजुषा म्हणाली, तसं नाही आत्या. रुक्मिणीबाईंनी पोरगी तिच्या मांडीवर दिली आणि त्या मागच्या दारी गोवऱ्या रचायला निघून गेल्या. गोवऱ्या आधीच रचलेल्या होत्या.

दिवसभर मंजुषाला वाटत होतं, एका खेळापायी आपण या बाईचा नवरा हिसकावून घेतला. स्वप्नालीला कळवायचं म्हणून तिनं लिहिलं, प्रसंग पिच्चरमधलाच आहे, काढून टाक. लिहिलं आणि धाडलं नाही. संध्याकाळी रामप्रसाद आला, त्याला तिनं सगळं सांगितलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. पिच्चर तो पिच्चर, आबा ते आबा, त्यात एवढं काय? पण त्यालाही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिणीबाई चहाची बशी घेऊन मंजुषाच्या सतरंजीवर येऊन टेकल्या. रामप्रसाद दारात चप्पल घालत होता, तोही थांबला.

"त्या दिशी त्ये माज्याजवळ बसले व्हते," त्यांनी सुरुवात केली. "बायांत. धोतराच्या पाठीमागं."

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. गडी लोकांनी उत्तरेश्वरांची लई टर उडवली, बे उत्तरेश्वर, बांगड्या भर म्हणून. ते उठले नाहीत. पिच्चरमध्ये हिरोनं जुवाखाली खांदा दिला तशी रुक्मिणीबाईंना रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी फडावरून निघताना त्यांची स्वतःची गाडी ओढ्यात रुतली. बैल काही पडला बिडला नाही. हौश्या नुसता हटून उभा राहिला. त्या चाकाला रेटा द्यायला लागल्या, तर यांनी हाळी दिली, इकडं म्होरं ये. त्या म्होरं गेल्या. बघतात तर यांनी हौश्याला सोडलेलं आणि स्वतः जुवाखाली. दातावर दात धरल्याले. सगळं डाव्या हातानं, कारण त्यांच्या बायकोनं हिरो तसाच बघितला होता.

"मी हसावं म्हनून," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "रातच्याला रडले व्हते ना."

"आणि गाडी?" मंजुषानं विचारलं.

"गाडी कशाची निघती? टनभर ऊस. सुतभर बी हलली न्हाई. मागून टोळीतल्या राधाकिशनची गाडी आली, त्यानं दोर लावून वडली."

"पण तुम्ही तर सांगायचात, निघाली म्हणून."

रुक्मिणीबाईंनी बशीतला चहा फुंकला. "पिच्चरमदली निघली व्हती. आमची न्हाई निघली."

त्या उठून आत गेल्यावर रामप्रसाद हळूच म्हणाला, मायनं रात्रभर पडल्या पडल्या जुळवलं असंल. मंजुषा म्हणाली, असेल. मग म्हणाली, नसेलही. राधाकिशनला विचारावं, तर तेही आता राहिले नव्हते. जितकं ती मनात उलटसुलट करून बघे, तितकं ते धोतरासारखं होई. या बाजूनंही दिसे, त्या बाजूनंही दिसे. सरळ बाजू कुठली, हेच कळत नव्हतं. पिच्चर बघून माणसानं केलं. माणसाचं बघून तिनं खेळ केला. आणि पिच्चरवाल्यानं ते कुणाचं बघून केलं असेल, कुणास ठाऊक.

तिनं स्वप्नालीला लिहिलेला, न धाडलेला निरोप पुसला आणि प्रसंग पुन्हा मांडायला घेतला. आधी धोतर, आणि त्याच्या मागं बसलेली नवरी. मग ओढा. नवरी चाकापासून निघून म्होरं येते. नवरा डाव्या हातानं दोरी सोडतो. पाऊस काढला, थेंब काढले, तीनदा दिसणारा चेहरा काढला. खेळणाऱ्यानं बटण दाबायचं, आणि कितीही दाबलं तरी गाडी निघत नाही.

स्वप्नालीचा फोन आला तेव्हा झोळी नुकतीच स्थिर झाली होती.

"हे खरं घडलंय?"

"माहीत नाही."

"मग पिच्चरमधलं आहे?"

"थोडं आहे. किती, ते सांगता येईना."

पलीकडून स्वप्नालीचं टकटक बटण दाबणं ऐकू आलं. मग म्हणाली, मला राग आला माहितीये, मी ते बटण दाबतच राहिले. वरच्या लोकांना काय सांगायचं ते तिलाही कळत नव्हतं. आत्ता तरी ठेव म्हणाली, मी भांडून बघते.

दुपारी मंजुषानं तो प्रसंग मोबाईलवर घालून सासूच्या हातात दिला. कुठं दाबायचं ते दाखवलं. रुक्मिणीबाईंनी चष्मा लावला. पडद्यावर ओढा आला, हौश्या हटून उभा राहिला, उत्तरेश्वर जुवाखाली गेले. त्यांनी अंगठा दाबला. परत दाबला.

"निघंना गं," त्या म्हणाल्या.

"नाही निघत, आत्या. तुम्हीच सांगितलंत ना."

"हो की," रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि मोबाईल डोळ्यांच्या अजून जवळ नेऊन अंगठा दाबत राहिल्या.

त्या कुठल्या गाडीची वाट बघतायत, हे मंजुषानं विचारलं नाही. झोळीत राजनंदिनी चुळबुळली, तशी तिनं दोरी हातात घेतली.