न लागणारी तिकिटं

एल्स्पेथ टलीला त्या शनिवारी चार हजार दोनशे डॉलर मिळायचे होते. हिशोब मीच मांडला होता. शहरात सहा आठवड्यांचं खोलीभाडं, आठवड्याला चारशे नव्वद, म्हणजे दोन हजार नऊशे चाळीस. शनिवार-रविवार घरी यायचं तर सहा फेऱ्यांचं पेट्रोल आठशे चाळीस. गाडी लावणं आणि पोटाला काहीबाही, चारशे वीस. एल्स्पेथला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तिला माहीत होऊ नये यासाठी आख्खं कॅरिनूक गाव सात आठवडे तोंड शिवून बसलं होतं. अशी गोष्ट आमच्याकडे यापूर्वी घडलेली नाही.

तिचा नवरा रॉली मेंढ्या कातरायचा. पाठ गेली तेव्हा ते थांबलं आणि आता घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे रोज मशीनखाली झोपा. मशीन शहरात आणि शहर साडेतीनशे किलोमीटरवर. पहिली तारीख जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळ्यातल्या, एका सोमवारची. रॉलीनं घरातले पैसे मोजले आणि जाहीर केलं, "मी नाही जात. एवढा खर्च करून वाचलो, तर नंतर खाऊ काय?" तो हे हसत म्हणायचा, पण तारीख रद्द करायला फोन कुठं करायचा हेही त्यानं विचारून ठेवलं होतं.

आता अशाच वेळेसाठी तर आमचा गावनिधी आहे. फुटबॉलच्या दिवशी केक आणि मटणाचे पॅटिस विकायचे, कुणी दिलेलं कोकरू लिलावात काढायचं, सोडतीची तिकिटं खपवायची, आणि गावातलं कुणी आजारी पडलं, कुणाचं घर जळलं की त्याला द्यायचं. अर्ज एक पानाचा. कमिटी चौघांची. धान्याच्या कोठारावरचा मॅनेजर क्लाइव्ह हॅनाफर्ड अध्यक्ष, खाटीक स्पायरो सभासद, बँकेनं इथली शाखा बंद केली तेव्हा रिकामा झालेला मी खजिनदार, आणि चिटणीस एल्स्पेथ टली.

अडचण तिथंच होती. एकोणीस वर्षं अर्जाचे लिफाफे एल्स्पेथनं फोडले होते आणि चहाबरोबर आम्हाला वाचून दाखवले होते. नुसते नाही, टिपांसकट. मुल्करन्सनं दातांसाठी मागितले तेव्हा म्हणाली, "दाताला पैसे नाहीत, पण अंगणात बोट आहे. दोन इंजिनांची." पॅस्कोच्या मुलीचा अर्ज आला तेव्हा म्हणाली, "केस मात्र दर महिन्याला नव्या रंगाचे." पैसे आम्ही दोघांनाही दिले. पण हसलो, आणि चौघंही हसलो.

मी अर्ज घेऊन तिच्या घरी गेलो.

"पानभर तर आहे. भरून टाक."

"विल्फ, हे कागद कसे वाचले जातात ते मला विचार."

"तू त्या दिवशी मीटिंगला येऊ नकोस."

"म्हणजे तुम्हाला रान मोकळं. काय बोलाल ते मला आत्ताच ऐकू येतंय." तिनं कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली. "आणि आवाजसुद्धा माझाच आहे."

युक्ती स्पायरोची. यंदाच्या हिवाळी सोडतीत दरवर्षीच्या मटणाच्या ट्रेऐवजी रोख बक्षीस ठेवायचं. तिकीट दहा डॉलर, जमेल त्यातलं निम्मं विजेत्याला, निम्मं निधीला. आठशे चाळीस तिकिटं खपवायची आणि बक्षीस एल्स्पेथला लागेल अशी व्यवस्था करायची.

"ही फसवणूक आहे," मी म्हणालो. "बाकीच्यांनी तिकिटं कशाला घेतली?"

"मग त्यांना सांगू की," स्पायरो म्हणाला. "लागणार नाही म्हणून सांगूनच विकू. मग कसली फसवणूक?"

आणि तसंच विकलं. पेट्रोल पंपावर, पोस्टात, चर्चच्या पायऱ्यांवर. "घे एक. लागणार नाही हं." "कुणाला लागणारे?" कानात नाव सांगायचं. "मग तीन दे." ग्वेंडाबाई तर खोदून खोदून विचारत होत्या, "नक्की नाही ना लागणार? मागच्या वेळी तो ट्रे लागला आणि फ्रीजमध्ये आठवडाभर दुसरं काही ठेवता येईना."

एल्स्पेथनंही एक घेतलं. "दहा डॉलर? ही लूट आहे," असं म्हणून. कमिटीवाल्यांनी एक तरी घ्यायचंच असतं. तिचा नंबर तीनशे सतरा.

मग मी घरी बसून आठशे चाळीस चिठ्ठ्यांवर तीनशे सतरा लिहिलं. बँकेत आयुष्य गेलं, एक आकडा इकडचा तिकडे केला नाही, आणि सत्तराव्या वर्षी हा उद्योग. पण खरं सांगतो, मजा आली.

रॉलीच्या तारखेच्या दोन दिवस आधी, शनिवारी, घरच्या मैदानावर सामना होता. समोर वेरिंबा गावचा संघ. मैदानाभोवती गोल गाड्या लागलेल्या, लोक काचा वर करून आत बसलेले, कारण वारा बोचरा होता. मध्यंतराला क्लाइव्हनं पिंप फिरवलं, हात घातला आणि चिठ्ठी न बघताच ओरडला, "तीनशे सतरा! एल्स्पेथ टली!"

निदान बघायचं नाटक तरी करायचं. असो. सगळ्या गाड्यांचे हॉर्न एकदम वाजले. ग्वेंडाबाई रडायलाच लागल्या. एल्स्पेथ स्वयंपाकघरातून हात पुसत आली, एवढे हॉर्न कशाला हे तिला कळेना, आणि तिनं क्लाइव्हच्या हातातून माईक घेतला.

"कमिटीचं माणूस बक्षीस घेत नाही," ती म्हणाली. "परत टाका. दुसरी काढू."

मी डोळे मिटले. हा नियम तिचाच होता. एकोणीस वर्षांत कमिटीवाल्यांना सात वेळा बक्षीस लागलं होतं आणि सातही वेळा परत पिंपात गेलं होतं. सातही नोंदी माझ्या वहीत, माझ्या अक्षरात. आणि सात आठवडे आम्ही तिघं बिनडोक डोकं लावून बसलो, त्यात हे एकालाही आठवलं नाही.

"अगं, घे ना या वेळी," क्लाइव्ह म्हणाला.

"क्लाइव्ह, अध्यक्ष आहेस तू." तिनं स्वतःच पिंपात हात घातला आणि चिठ्ठी उघडली. "तीनशे सतरा." थोडं हसली. "माझीच वर आली परत." ती चिठ्ठी बाजूला ठेवून तिनं तळातून एक काढली. मग तिसरी. मग मूठभर.

वेरिंबाचे खेळाडू संत्र्याच्या फोडी हातात धरून बघत उभे होते.

"विल्फ," ती माईकमध्ये म्हणाली, "सातच्या पोटात आडवी रेघ या गावात एकटा तूच देतोस."

मी पुढं झालो. सांगण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून म्हणालो, "चार हजार दोनशे. तुमचा सहा आठवड्यांचा खर्च तेवढाच होतो. मी दोनदा तपासलाय."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

मी मैदानाकडे पाहिलं. तिनंही पाहिलं. गाड्यांच्या काचा एकेक करून खाली येत होत्या.

"सगळ्यांना? आणि तिकिटं घेतली?"

"लागणार नाहीत असं सांगूनच विकली," स्पायरो म्हणाला. "एकेकानं तीन तीन घेतली, एल्स्पेथ."

तिनं पिंपाच्या कडेला हात टेकला. रॉली आमच्या मागं गाडीत बसला होता. तो खाली उतरला, पण जवळ आला नाही. ती नाही म्हणाली तर सोमवार गेला, हे त्यालाही कळत होतं आणि आम्हालाही. तिचं तोंड एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे वळलं.

"हे मी घेणार नाही," ती म्हणाली. "ही सोडत रद्द. ज्याचे त्याचे दहा परत द्या." मग माईक खाली धरून, आम्हालाच ऐकू जाईल असं, "अर्ज कुठाय?"

"काय?"

"अर्ज, विल्फ. आहे की नाही खिशात? एवढं सगळं गाव माझ्याबद्दल बोलून मोकळं झालंय, वर त्याचे पैसेही भरलेत. आता लपवू काय?"

अर्ज होता. तिनं तो केकच्या टेबलावर उभ्याउभ्याच भरला आणि क्लाइव्हच्या हातात दिला. "वाच. इथंच. माझ्या तोंडावर."

क्लाइव्हनं वाचला. मग घडी घालायला लागला.

"प्रश्न?" एल्स्पेथ म्हणाली.

"कसले प्रश्न, बाई. मंजूर."

"मुल्करन्सला बोटीचं विचारलं होतं मी. मलाही विचारा. स्पायरो?"

स्पायरोनं मान खाली घातली. मग दबक्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडे ते... नवीन टीव्ही घेतलात ना, नाताळात?"

"घेतला. भिंतभर आहे. सेलमध्ये. पुढं?"

"आणि गाडीमागं ओढायचा तो कारवाँ?"

"विकायला काढलाय. कुत्रंसुद्धा बघायला येत नाही."

मागून रॉलीचा आवाज आला, "टीव्ही मीच घेतला. ती नको म्हणत होती." सगळं मैदान हसलं. एल्स्पेथही हसली, आणि मग एप्रननं तोंड पुसायला वळली.

अर्ज मंजूर झाला, तीन विरुद्ध शून्य, अर्जदार मतदानाला बाहेर. तिनंच तसं लिहायला लावलं. त्याखाली आणखी एक ओळ घालायला लावली: यापुढे अर्ज अर्जदारासमोर वाचायचा, आणि त्याच्या तोंडावर बोलता येणार नाही ते बोलायचं नाही.

मग मी पैशांची पेटी घेऊन टेबल मांडलं आणि सामन्याच्या उत्तरार्धात परताव्याला बसलो. गावातले लोक येत होते, पेटीकडे बघत होते आणि चहा घेऊन जात होते. तेवढ्यात वेरिंबाचा एक शेतकरी आला.

"का हो, आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "आम्ही आपले लागेल म्हणून घेतली."

एल्स्पेथनं क्लाइव्हकडे पाहिलं. क्लाइव्ह गुणफलकाकडे बघायला लागला. फलकावर बघण्यासारखं काही नव्हतं, आम्ही चाळीस गुणांनी मागं होतो.

"पाहुण्यांना किती विकलीस?"

"तेवीस. अगं, आठशे चाळीसला तेवीस कमी पडत होती..."

"म्हणजे फसवणूक तेवढी झाली. ती तुझ्या खिशातून."

"एल्स्पेथ, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी केलीस म्हणून चेक चालेल. नाहीतर रोख मागितली असती."

रॉली सोमवारी गेला. ऑगस्टमध्ये दोन अर्ज आले, दोन्ही अशा घरांतून जिथून कधी येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. दोघंही समोर बसले, चहा प्याले, उत्तरं दिली. आता एल्स्पेथ प्रश्न कमी विचारते, पण जे विचारते ते सरळ विचारते. निधीत तेवढी रक्कम होतीच, कारण हिशोब असा मिटला.

तिकिटं आठशे चाळीस, जमा आठ हजार चारशे. वेरिंबाच्या पाहुण्यांना परत दोनशे तीस. एल्स्पेथ टलीला तिच्या तिकिटाचे परत दहा, सही घेऊन. गावातल्या दोघांनी पाच तिकिटांचे पन्नास परत नेले. त्यांची नावं वहीत आहेत, इथं नाहीत. टली कुटुंबाला दिले चार हजार दोनशे. शिल्लक, चेक धरून, चार हजार एकशे चाळीस.

भरणारे: कॅरिनूक गाव, आठ हजार एकशे दहा. क्लाइव्ह हॅनाफर्ड, दोनशे तीस, चेकनं.