नाकपुडीतलं तीर्थ

एप्रिलची भर दुपार, डांबर चपलेला चिकटतंय, आणि तरी घाटाच्या पायथ्याशी ही दाटी! सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या जीपवर. आत वेगानंद बाबा डोळे मिटून बसलेले. त्यांनी एक हात वर केला, दुसरा स्टिअरिंगखाली नेला आणि काहीतरी पुटपुटले. बंद बॉनेटमधून फुस्स करून पांढरी वाफ निघाली. जीप जी सुटली ती भरल्या गाडीला घाम फोडणारा चढ न अडखळता चढून वळणाआड गेली. बाया-बापड्यांनी तिथंच हात जोडले.

बऱ्याच जीपगाड्यांच्या बॉनेटवर हवा आत घ्यायला एक उंचवटा असतो. बाबांनी त्याचं नाव ठेवलं होतं नाकपुडी. भक्तांच्या गाड्या रांगेत लागायच्या आणि बाबांचा चेला कपाशीवर औषध मारायचा पाठीवरचा पंप घेऊन प्रत्येकीच्या नाकपुडीत तीर्थ मारायचा. पंपाला झेंडूची माळही होती.

"मशिनीत जीव असते!" बाबा गर्जायचे. "जिवाले नजर लागते! कंपनी गाडी देते, पन गाडीत प्राण कोन टाकते? हा वेगानंद टाकते!"

कंपनीने अजून बाबांना नोकरीवर कसं घेतलं नाही, याचं मला नवल वाटायचं.

मी मंजुश्री. धामणगाव बढ्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, राहते बुलढाण्याला. सकाळची शाळा सुटली की अजहरच्या जीपमधून रोज हा घाट चढते. उन्हाळ्यात ती जीप दुसऱ्या वळणावर धापा टाकायची. तीर्थ मारायला लागल्यापासून मात्र ती खरोखरच बरी चढत होती. डोळ्यांना दिसतं ते मी कशाला नाकारू? मला एवढंच हवं होतं, हे का होतं?

"काऊन-बिऊन नोका पुसू, मॅडम," अजहर म्हणायचा. "गाडी चढून राह्यली ना? बस."

तोवर मीही हसण्यावारी नेत होते. एके दिवशी बाबांनी दुसऱ्या वळणाकडे बोट दाखवलं आणि माझं हसू गेलं.

"नजर कोन लावते, थे मले दिसते," ते हळूच म्हणाले. "सगळ्या गाड्या त्याच वळणावर काऊन मरतात? तिथं कोन बसते? एक डोया पांढरा कोनाचा हाये?"

नाव घ्यायची गरजच नव्हती. त्या वळणावर कडुनिंबाखाली वच्छलाबाई बसायची. साठीपुढची, एकटी, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. घाटाखालच्या हापशीचं पाणी डोक्यावरून वर आणून माठात भरायची आणि काकड्या विकायची. पाणी फुकट. रोजचं पाणी पाजता पाजता मला ती मंजू म्हणू लागली होती. चढ तिथं सगळ्यात उभा, म्हणून गाड्यांचा जीव तिथं जायचा. गाड्या थांबायच्या म्हणून ती तिथं बसायची. बाबांनी हे उलटं करून सांगितलं आणि माणसांनी ते तसंच गिळलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी पाणी पिईना. तिसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या बुंध्याला लिंबू आणि बिबवे बांधलेले दिसले. मग कुणीतरी चालत्या गाडीतून दगड मारला, एक माठ फुटला. अजहरही तोंड फिरवून पुढे निघून जायला लागला. मी एकदा गाडी थांबवायला लावून उतरले, तेव्हा ती खापऱ्या गोळा करत होती.

"मंजू, मी काय केलं वं?" तिने विचारलं. "मले तर गाडीचा नंबरही दिसत नाही."

खापऱ्या गोळा करायला मी खाली वाकले. दुसऱ्या माठावर हात टेकला, तो गार लागला. एवढ्या उन्हात! माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. सहावीच्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवते. मी वळून अजहरच्या बॉनेटकडे पाहिलं आणि मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

अमावास्येला बाबांनी 'बंदोबस्त' जाहीर केला होता. म्हणजे काय, ते कुणी सांगत नव्हतं. आदल्या दिवशी चेला मात्र वस्तऱ्याला धार लावताना दिसला; चेटकीण ठरवलेल्या बाईचं डोकं भादरतात, हे मी ऐकून होते. अमावास्येच्या दिवशी मी शाळेतूनच पोलिसांना फोन केला आणि अजहरला म्हटलं, "चल, थांबू नकोस."

वळणावर पोचलो तेव्हा शंभरएक माणसं होती. मधे वच्छलाबाई खाली बसलेली, पदर दोन्ही मुठींत धरलेला. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. ओळखीचे चेहरे होते. माझ्या वर्गातल्या पोरांचे बापही होते.

"बाबा," मी शक्य तेवढ्या मोठ्यानं म्हटलं, "हिच्या नजरेत विष आहे, तर हिच्या माठातल्या पाण्यातही असेल?"

"असनच! थे पानी नाकपुडीत गेलं त गाडी जागच्या जागी बंद पडन!"

"सगळ्यांनी ऐकलं?" मी अजहरकडे वळले. "अजहर, ओत ते पाणी."

तो पांढरा पडला. गाडीवरच त्याचं घर चालत होतं. "मॅडम, मजाक नोका करू. गाडी गेली त मी काय करू?"

तेव्हा वच्छलाबाईनेच मान वर केली. "राहू दे, बाबा. तुही गाडी कायले खराब करतं माह्यापायी?"

अजहर खाली मान घालून म्हणाला, "मागच्या साली माह्या मायले इथं ऊन लागलं होतं. हिनंच पानी पाजलं, हिनंच पदरानं वारा घातला. आन मी तोंड फिरवून जाऊन राह्यलो." त्याने डोळे पुसले. "काय करू सांगा, मॅडम."

आधी त्याने गाडीत माणसं भरली आणि पाण्याशिवाय ती वरच्या कठड्यापर्यंत नेली. काळा धूर, रडतखडत, दुसऱ्या गिअरवर. परत आल्यावर वच्छलाबाईच्या माठातला एक तांब्या मी नाकपुडीत रिकामा केला. फसफस झाली, वाफ उठली. कुणीतरी "गेली!" म्हणालं. गाडी गेली, पण वर. तिसऱ्या गिअरवर, तोच चढ, तीच माणसं भरून!

अजहर उतरला तो थेट बाबांच्या पांढऱ्या जीपकडे. चेला आडवा आला, पण गर्दीतलेच दोघे पुढे झाले. बॉनेट उघडलं. नाकपुडीखाली एक जाळीचा डबा, त्याच्यावर रोखलेल्या बारीक नळ्या, नळ्यांच्या मागे पाण्याची टाकी. मी स्टिअरिंगखाली चाचपलं, बटण सापडलं. दाबलं. फुस्स!

"हा घ्या मंत्र," मी म्हटलं. "आता नीट ऐका. या गाडीत टर्बो आहे, अजहरच्याही. तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं की नाही? तापलेली हवा फुगते, इंजिनात कमी मावते, मग डिझेल पुरतं जळत नाही आणि गाडीला दम लागतो. म्हणून हा जाळीचा डबा, इंटरकूलर, हवा गार करायला. उन्हाळ्यात तोच तापतो. त्यावर पाणी मारलं की ते उडून जाताना उष्णता नेतं, माठासारखं. शर्यतीच्या गाड्यांना असे फवारे लावतात. बाबांनी तोच लावला आणि पाण्याला तीर्थ म्हटलं. पाणी कुणाचंही चालतं. हिचंही चाललं."

पोलिसांची गाडी वळणावर आली तेव्हा बाबांच्या चेल्याने वस्तरा गवतात टाकला होता. तो सापडलाच, आणि पोलिसांनी दोघांनाही गाडीत बसवलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण गर्दीतून एक बाई पुढे आली. हातात बाबांसाठी आणलेला नारळ. तो तिने वच्छलाबाईच्या पायाशी ठेवला आणि वाकली. "माय, तुह्या पान्यातच शक्ती हाये वं. एक बाटली दे." तिच्यामागे आणखी दोघे-तिघे सरकले. मी घसा फोडून सांगितलं ते सगळं वाऱ्यावर गेलं होतं.

वच्छलाबाई उठली. नारळ उचलून त्या बाईच्या हातात परत दिला.

"हापशीचं पानी हाये थे," ती म्हणाली. "तुमच्याच गावची हापशी. मघा मी चेटकीन होती, आता देवी झाली. मधात बाई कवा होती मी, सांगा ना?"

एकेक जण पांगला. अजहरने फुटलेल्या माठाच्या उरल्यासुरल्या खापऱ्या रस्त्यावरून उचलल्या आणि बुंध्याचं लिंबू तोडून फेकलं.

वाचकहो, चमत्कार दिसला तर डोळे झाकू नका, बॉनेट उघडायला सांगा. जो उघडू देत नाही, त्याच्या हातात दुसऱ्या कुणासाठी तरी वस्तरा असतो. वच्छलाबाई आजही त्याच वळणावर बसते. पाणी फुकट आहे. तहान लागली असेल तर प्या, पाया मात्र पडू नका.