ड्रायव्हर जूंच्या श्राद्धाचा पडदा

मी घडीचा पडदा बोलतोय. आठ फळ्यांचा, माणसाहून वीतभर उंच. सध्या सोलमधल्या एका सरकारी इमारतीच्या तळघरात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीशी उभा आहे. गळ्यात नंबराची चिठ्ठी बांधली आहे. उजवीकडे कुणाचे तरी जप्त केलेले बूट, डावीकडे संगणकांचा ढीग. शेजार काही निवडून मिळत नाही. माझ्या पाठीवर, तिसऱ्या फळीत, पंजाएवढी चौकोनी खिडकी कापली आहे आणि तिच्यातून मला सारखी थंडी वाजते.

माझा जन्म कागदासाठी नावाजलेल्या जॉन्जू शहरातला. तुतीच्या सालीचा कागद, मडक्यात वर्षानुवर्षं मुरवलेली गव्हाची खळ आणि पाइनची चौकट. मला बांधणारा म्हातारा भलता चिडका होता. एक सुरकुती दिसली तरी सगळं फाडून पुन्हा लावायचा. तो चिडकेपणा थोडा माझ्यात उतरलाय. त्यानं माझ्या एका अंगावर मोठाली लाल पिओनीची फुलं काढली आणि दुसरं अंग कोरं पांढरं ठेवलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावायचा, “लग्न, वाढदिवस, साठी असली की फुलं पुढे. घरात कुणी गेलं, श्राद्ध असलं, की कोरी बाजू पुढे. घोळ घालू नका.”

मेंग ओकबुनच्या आईनं मला लेकीच्या लग्नात दिलं. नवरा होता जू सांगमुक, तांदळाची पोती पोचवणारा ड्रायव्हर. माझ्या फुलांसमोर बसून तो इतका घामाघूम झाला होता की टोपीचा रंग कपाळाला लागला. पुढे त्यांच्या लेकीच्या, हेरिमच्या, पहिल्या वाढदिवसाला ती काय उचलते ते पाहायला पाटावर दोरा, पुस्तक, पेन्सिल मांडली, तर पोरीनं सगळं सोडून माझ्या फुलाचाच कागद ओढला. तो कोपरा अजून फाटका आहे. त्यानंतर मी कपाटामागे गेलो आणि तिथेच राहिलो. माणसं वस्तूंना जपून ठेवतात म्हणतात, म्हणजे विसरतात.

सांगमुकची एक सवय होती. पोती पोचवायचा तेव्हापासून खिशात एक पातळ वही असायची. काहीही कुणाच्या हातात दिलं की वेळ लिहायची आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. पुढे तो गव्हर्नरच्या गाडीवर लागला. गव्हर्नर राष्ट्राध्यक्ष झाले, तरी गाडीवर हाच आणि खिशात वहीही तीच. ओकबुन हसायची. “मी भाजीची यादी दिली तरी माझी सही घेशील!”

मग नोरुमोकचं धरण फुटलं. एकोणीस माणसं गेली. आदल्या दिवशी एका समारंभाच्या दारात धरणावरचा एक इंजिनिअर धावत गाडीपाशी आला होता आणि ‘साहेबांच्या हातातच द्या’ म्हणून त्यानं सांगमुककडे लिफाफा दिला होता. धरणाला तडा गेलाय, आजच्या आज खोरं रिकामं करा, असं त्या पत्रात होतं. चार दिवसांनी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतून निवेदन आलं: लिफाफा साहेबांना मिळालाच नाही, ड्रायव्हर द्यायला विसरला.

त्या दिवसापासून सांगमुकला लोक ‘विसराळू’ म्हणू लागले. न्हावी म्हणाला, शेजारीण म्हणाली, टीव्हीवरचे विनोदवीरही म्हणाले.

एका दुपारी ओकबुन बाजारात गेली असताना त्यानं मला कपाटामागून ओढून काढलं. माझ्या कोऱ्या पाठीवर कागद चिरला, आत वही सरकवली, वरून नवा कागद लावला. खळ नव्हती, म्हणून भाताची शितं चुरडून चिकटवलं. माझ्या म्हाताऱ्यानं पाहिलं असतं तर त्याचे हातच तोडले असते. शेवटी कागदाखाली त्यानं मेपलचं एक वाळलेलं पान ठेवलं आणि चारही कोपरे अंगठ्यानं दाबले.

“जिवंतपणी माझ्या तोंडून हे निघायचं नाही,” तो मला म्हणाला. “अकरा वर्षं त्या माणसाचं मीठ खाल्लंय. मी गेल्यावर तुझी ही बाजू पुढे येईल, तेव्हा दादाला दिसेल. त्याला कळेल.”

मला वाटलं, म्हातारपणीच्या गोष्टी बोलतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नदीच्या पुलावर गाडी नीट कडेला लावली, दिवे मिचकावत ठेवले, उतरला आणि परत आला नाही. मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण पडद्याला तोंड कुठलं?

आता माणसं घरून जात नाहीत. त्याचे अंत्यविधी इस्पितळाच्या सभागृहात झाले, तिथल्या भाड्याच्या फुलांसमोर. मला कुणी नेलंच नाही. वही माझ्या पाठीत आणि मी कपाटामागे.

वर्षभर मी कपाटामागून भांडणं ऐकली. संसदेनं विशेष तपासाचा कायदा केला, राष्ट्राध्यक्षांनी तो दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा तो झाला. तपासाला नव्वद दिवस मिळाले. एका चौकात तपास मागणाऱ्यांच्या मेणबत्त्या, दुसऱ्या चौकात राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे झेंडे. हेरिम रोज मेणबत्तीवाल्या चौकात जायची. सांगमुकचा थोरला भाऊ दॉकमान गावाकडून फोन करून तिला झापायचा, कारण राष्ट्राध्यक्ष त्याच गावचे आणि गावच्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत त्यांच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नव्हती.

नव्वदावा दिवस आणि सांगमुकचं वर्षश्राद्ध एकाच दिवशी आलं. तपासाच्या हाती काही लागलं नव्हतं. दॉकमानला परतीची बस गाठायची होती म्हणून विधी संध्याकाळी सहालाच ठरला. ओकबुननं मला बाहेर काढलं, धूळ पुसली आणि फुलांची बाजू पुढे करून उभं केलं. मी आतून तळमळलो. भिंतीकडे तोंड करून वही पुन्हा वर्षभर गप्प बसणार होती.

मी मांडला गेलो, पुढ्यात भात, सार, वाळवलेला मासा, नाशपाती ठेवल्या. सांगमुकचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावली. त्यानं आत यावं म्हणून दार किलकिलं केलं. तरी काका-पुतणी टीव्हीसमोर जुंपलेलीच.

“निवडून दिलेला माणूस आहे तो!” दॉकमान म्हणाला. “उद्या कुणीही उठेल आणि राष्ट्राध्यक्षाची झडती घेईल? देश चालवायचा की खटले?”

“मोठे बाबा, एकोणीस माणसं बुडाली. आणि खापर फुटलं माझ्या बाबांवर.”

“तुझा बाप साधा होता. विसरला असेल. विसरतो माणूस.”

“तुम्ही पण?” हेरिम ताडकन उठली.

“पुरे!” ओकबुननं टीव्ही बंद केला. “त्यांच्या जेवणाची वेळ झालीय. भाऊजी, या इकडे.”

दॉकमान वळला आणि मला पाहून थबकला. “हेरिमच्या आई, हे काय? फुलं? लग्न लावताय का माझ्या भावाचं?”

“असू देत, भाऊजी. वर्षभर लोक त्यांच्या नावानं थुंकले. आज तरी समोर फुलं असू देत.”

“तसं चालत नाही. फिरवा ते.”

“एवढ्याशा गोष्टीवरून…”

“मी फिरवतो!”

आयुष्यात प्रथमच मी त्या हट्टी दॉकमानवर खूश झालो. त्यानं मला मिटलं, फिरवलं, उघडलं. तिसऱ्या फळीवर त्याचा हात अडला. पातळ कागदातून मेपलचं पान दिसत होतं.

तो खाली बसला.

“आम्ही लहान असताना,” तो म्हणाला, “थंडीआधी घराच्या दारांना नवा कागद लावायचो. मी खळ लावायचो, सांगमुक कडीजवळ कागदाखाली पान ठेवायचा. म्हणजे कळायचं, इथे धरायचं, इथून उघडायचं.” त्यानं पानावर अंगठा ठेवला. “इथून उघडायचं.”

नखानं त्यानं कागद उकलला. वही बाहेर आली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर तारीख होती, वेळ होती, ‘नोरुमोकचा लिफाफा, साहेबांच्या हातात’ असं होतं. खाली राष्ट्राध्यक्षांची सही, गावच्या शाळेच्या कोनशिलेवर आहे तशीच. तिच्याखाली सांगमुकनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘साहेब हसले. म्हणाले, माझ्यावरही भरवसा नाही का रे? वाचून खिशात ठेवलं.’

ओकबुननं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

“मोठे बाबा, द्या इकडे,” हेरिम म्हणाली. “तपासाची मुदत आज रात्री बाराला संपते. चला लगेच.”

“आधी त्याला जेवू दे.”

त्यानं वही कोटात घातली, मद्य ओतलं, भातात चमचा उभा केला. गेलेल्याला निवांत जेवता यावं म्हणून रीतीप्रमाणे सगळे खोलीबाहेर गेले. मी एकटा राहिलो. एकटा नाही. माझ्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं होतं. पेट्रोलचा वास मला ओळखू येतो.

परत आल्यावर दॉकमाननं नावाची चिठ्ठी काढली आणि मेणबत्तीवर धरली. ती जाळायचीच असते. पण दुसरा हात कोटात गेला, वही बाहेर आली, तेव्हा हेरिमनं झडप घालून त्याचं मनगट धरलं.

“पोरी,” तो म्हणाला, “एवढाच ओळखतेस मला?” त्यानं वही तिच्या हातात ठेवली, टोपी घातली आणि रडत रडत बूट चढवले. उजवा बूट डाव्या पायात गेला होता, तो ओकबुननं बदलून दिला.

साडेआठला ते तपासाच्या कचेरीत पोचले. वही कुठे होती ते दाखवा म्हणून दुसऱ्या दिवशी मलाही आणलं आणि तपासणीसाठी तेवढा कागद चौकोनी कापून घेतला. बाहेर कॅमेऱ्यांसमोर दॉकमान एकच वाक्य बोलला, “माझा भाऊ विसरला नव्हता.” गावच्या बैठकीत आता त्याला कुणी बसायला जागा देत नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, मिटलं. इथले दोन पहारेकरी रोज डबा खाताना माझ्यासमोर भांडतात. एक म्हणतो, सही खरी. दुसरा म्हणतो, बनावट, शितं ताजी होती. चौकांतही अजून तेच चाललंय. राष्ट्राध्यक्ष अजून खुर्चीवर आहेत.

आज सांगमुकचं दुसरं श्राद्ध आहे. घरी ओकबुननं भात मांडला असेल, दार किलकिलं केलं असेल. पण गेलेला माणूस जिथे त्याचा पडदा असतो तिथे येतो. तो सकाळपासून इथे, माझ्या पाठीशी उभा आहे. ड्रायव्हर लोक उभे राहतात तसा, हात मागे बांधून, कुणीतरी बोलवेल म्हणून. अधूनमधून त्या कापलेल्या खिडकीतून आत हात घालून पाहतो. वही नाही म्हणून मला विचारतो, “दिली का? सही घेतलीस का?”

साहेब लोकहो, वही ठेवा, हवं तेवढं भांडा. पण मला एका संध्याकाळपुरतं घरी पोचवा आणि कोरी बाजू पुढे करून उभं करा. हा वर्षभर उपाशी आहे असं मला वाटतं. वाटलं तर माझी पोच म्हणून ओकबुनची सही घ्या. त्यालाही बरं वाटेल.