दोन्ही हात वर, एकमताने

कलम ९. उपस्थित सर्व ग्रामस्थांनी दोन्ही हात वर करून सोन्याच्या खाणीस एकमताने पाठिंबा दिला. छायाचित्र सोबत जोडले आहे.

सोनुनबूने सभेच्या इतिवृत्तातली ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. ओळ काही बदलली नाही.

काराझिल्गाच्या शाळेत तेहतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली ही बाई. छापील खोटं तिने आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं. तिला हादरवलं ते छायाचित्राने, कारण छायाचित्र खरं होतं. शाळेची व्यायामशाळा होती. बाकांवर गाव बसलं होतं. पुढे पांढरी नमद्याची टोपी घातलेले, डोळे मिटलेले ब्याऐंशी वर्षांचे जुमाकादिर होते. आणि सगळ्यांचे तळवे छातीसमोर, आभाळाकडे उघडे होते. दुसऱ्या रांगेत ती स्वतः होती. तिचे हात इतरांपेक्षा चार बोटं जास्तच वर होते.

ही बाता होती. म्हातारा माणूस निरोपाचा आशीर्वाद देतो, लोक तळवे पसरतात, शेवटी ‘ओमीन’ म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवतात. जेवणानंतर, प्रवासाआधी, लग्नात, मयतीत, हे रोजचंच. राजधानीत ज्या साहेबाने या कागदावर शिक्का मारला, त्यालाही कुणी आजोबा असतीलच. त्यानेही त्यांच्यासमोर हात पसरले असतील. त्याला कळलं नसेल?

कळलं असणार. तरी मारला शिक्का.

कलम १. ग्रामस्थांशी सविस्तर विचारविनिमय करण्यात आला.

हे मात्र खरं. अगदी सविस्तर.

प्रत्येक घरातून एक चिठ्ठी घेतली, सगळ्या एका टोपीत टाकल्या आणि चोवीस नावं काढली. त्यांत मेंढपाळ होते, एक परिचारिका होती, ट्रकचालक शाइरबेक होता, घोड्या दुहून कुमिस विकणारी केंजेकान होती. आणि सोनुनबू. चोवीस जणांनी तिलाच अध्यक्ष केलं, कारण फळ्यावर तिचं अक्षर लांबून दिसतं. सहा शनिवार बसले. पाण्याचा जाणकार आला, कंपनीचा अभियंता आला, डोंगरापलीकडच्या खाणीत काम केलेला एक खोकणारा माणूस आला. पहिल्या शनिवारी लोक नुसते भांडले. शाइरबेक म्हणाला, “खाण आली तर माझा ट्रक चालेल. तुमच्या मेंढ्या काय मला डिझेल देणारेत?” केंजेकान म्हणाली, “तुझ्या ट्रकला प्यायला पाणी लागत नाही वाटतं!” तिसऱ्या शनिवारी शाइरबेकने अभियंत्याला स्वतःहून विचारलं की दगड धुतलेलं पाणी जाणार कुठे. अभियंत्याने नकाशावर बोट ठेवलं, आणि ते बोट कुणाच्या विहिरीवर पडलंय ते सगळ्यांनी पाहिलं.

शेवटी ठरलं ते ‘नको’ नव्हतं. घळीच्या खाली खोदा. वरच्या झऱ्याला आणि उन्हाळी कुरणाला हात लावायचा नाही. रस्ता दक्षिणेकडून न्यायचा. एकोणीस विरुद्ध पाच. अभियंताही म्हणाला, जमण्यासारखं आहे.

केंजेकान सगळ्यांत शेवटी वळली. तिला खाणच नको होती. सोनुनबूने तिच्या घोड्यांमागे फिरून फिरून तिला पटवलं होतं. थोडं सोडलं तर उरलेलं राखता येतं.

कलम ४.

कलम ४ नाहीच. तीननंतर एकदम पाच. निकाल तिथे असायला हवा होता.

सोनुनबू इतिवृत्त घेऊन ग्रामप्रमुखाच्या कचेरीत गेली. ग्रामप्रमुख एर्मेक. तिचाच विद्यार्थी, सातवीत दोनदा बसलेला, नंतर तिनेच घरी बोलावून पुढे ढकललेला. गावासारखा तोही तिला ‘एजे’, म्हणजे ताई, म्हणायचा.

“या, एजे. बसा. चहा घ्या.”

“चहा राहू दे. हे काय लिहिलंयस?”

“जे दिसलं ते.”

“डोळे फुटले होते का तुझे? बाता होती ती!”

“हात वर होते की नव्हते?”

“एर्मेक.”

“नाही, सांगा ना. वर होते की नव्हते?”

त्याने तिच्यासमोर पेला सरकवला. आवाज खाली आणला. “निकाल जोडलाय की. पुरवणी सहामध्ये. ‘व्यक्त झालेली मतं’.”

“सहा शनिवार बसून आम्ही मतं व्यक्त केली?”

“एजे, वरचं वरच ठरलं होतं. मी आडवा गेलो असतो तर माझ्या जागी दुसरा बसवला असता, आणि त्याने तर पुरवणीसुद्धा जोडली नसती. निदान कंपनीकडून दवाखाना मिळतोय गावाला.”

“आणि दवाखान्यात पाणी कुठलं पाजणार?”

एर्मेक हसला. लाजून हसला, पाठ न केलेला मुलगा हसतो तसा. सोनुनबूला त्या हसण्याची चीड आली. त्याहून जास्त चीड आली ती स्वतःची, कारण तिला तेवढ्यात आठवलं.

(हे इतिवृत्तात नाही.)

सहावा शनिवार. निकाल ऐकायला सगळं गाव आलं होतं. सभा संपली होती, कंपनीचे लोक कोट चढवत होते. एर्मेक तिच्या कानाशी वाकला. “एजे, पाहुण्यांनी आपली भाकर खाल्लीय. बाता न देता कसं पाठवायचं? आक्साकाल जुमाकादिर तुमचं ऐकतील.” तिला बरं वाटलं. पोराला रीत कळते, असं वाटलं. ती जुमाकादिरांकडे गेली. ते तिच्या नवऱ्याचे काका. म्हातारा कुरकुरला, “यांना कशाला?” ती म्हणाली, “पाहुणे आहेत.” मग म्हाताऱ्याने हात उचलले आणि गावाने उचलले.

छायाचित्रकार तेव्हा उड्या मारायच्या लाकडी पेटीवर आधीच चढून उभा होता. तिने त्याला पाहिलं होतं. पेटी मोडेल म्हणून तिला काळजी वाटली होती. बाकी काही वाटलं नव्हतं.

कलम ११. हरकती वीस दिवसांत जिल्हा कचेरीत स्वीकारल्या जातील. विचारविनिमयातील किमान बारा सदस्यांची सही आवश्यक.

सोळा दिवस आधीच गेले होते. सोनुनबूने दुपारभर बसून हरकत लिहिली. चार पानं झाली. बाता म्हणजे काय हे आपल्याच लोकांना समजावून लिहिताना तिचं पेन दोनदा थांबलं.

पहिल्यांदा ती जुमाकादिरांकडे गेली. ते चोविसांत नव्हते, पण त्यांच्या साक्षीशिवाय कागद लंगडा होता. ती सांगत होती आणि म्हातारा अंगणात खोगिराचा पट्टा शिवत होता. सांगून झालं तेव्हा त्यांनी सुई पट्ट्यात टोचून ठेवली.

“एर्मेकने तुला सांगितलं. तू मला. बरोबर?”

“बरोबर.”

“मग त्याने सांगितलंय, हे तू मला का नाही सांगितलंस?”

तिने चार पानं गुडघ्यावर सरळ केली.

“तू मागितलीस म्हणून दिली, सूनबाई. त्याने मागितली असती तर मी दोनदा विचार केला असता.” त्यांनी कागद मागून घेतला आणि साक्षीदाराच्या ओळीवर, फार वेळ लावून, नाव लिहिलं. “हे त्या झऱ्यासाठी. तुझ्यासाठी नाही.”

मग घरोघर. परिचारिका म्हणाली, बघते. दोघं भाऊ म्हणाले, आधी बाकीचे करू देत. एकाने दारच उघडलं नाही, आत टीव्ही चालू होता. आठवा माणूस म्हणाला, “एजे, मागच्या वेळी नुसते हात वर केले तर काय झालं बघितलं. सही दिली तर घरच जायचं.” आणि स्वतःच्याच विनोदावर तो हसला नाही.

संध्याकाळी ती केंजेकानकडे पोचली. केंजेकान घोडीच्या पोटाला डोकं टेकून दूध काढत होती. वर पाहिलंच नाही.

“कळलंय मला. गावाला कळलंय.”

“मग सही कर. तू केलीस तर बाकीचे करतील.”

“करतील.” बादलीत धार वाजत राहिली. “मला घळीखालचंसुद्धा द्यायचं नव्हतं. तू म्हणालीस, थोडं सोड. सोडलं. मग तू म्हातारबाबांना उठवलंस आणि उरलेलंही गेलं. तू कंपनीकडून आहेस असं मी म्हणत नाही. लोक म्हणतात.”

“तू काय म्हणतेस?”

“मी म्हणते, तुला शहाणपणाचा फार सोस.” ती उठली, घोडीला थाप मारली. “तुझं नाव काढ त्यावरून. अध्यक्ष म्हणून खाली लिहिलंयस ते. मग आणते मी सह्या.”

“लिहिलंय मीच, केंजेकान. चारही पानं.”

“म्हणूनच.”

सोनुनबू कुंपणाशी उभी राहिली. बारा सह्या लागणार होत्या. तिच्याजवळ तिची स्वतःची एक होती. तिने पेन काढलं आणि कुंपणाच्या फळीवर कागद ठेवून स्वतःचं नाव खोडलं. एक रेघ पुरेशी होती, तिने दोन मारल्या.

केंजेकान दुसऱ्या दिवशी सतरा सह्या घेऊन आली. विरोधात गेलेल्या पाचांपैकीसुद्धा दोघांच्या होत्या. शेवटची, इंगळ्यांसारख्या अक्षरातली, एर्मेकच्या सख्ख्या मावशीची.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी शाइरबेकची जीप कचेरीसमोर लागली. जिल्ह्याचं गाव चार तासांवर. पुढे जुमाकादिर बसले, मागे केंजेकान आणि परिचारिका. तिसरी जागा मोकळी होती. सोनुनबू कोट घालून आली होती, हातात डबा होता. तिला कुणी ‘चल’ म्हटलं नाही आणि ‘येऊ नको’ असंही कुणी म्हटलं नाही. शाइरबेक आरशात पाहत राहिला.

“कागद बघू,” ती म्हणाली.

केंजेकानने खिडकीतून दिला. सोनुनबूने तो उभ्याउभ्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, वर्गाच्या वह्या तपासायची तसा. तिसऱ्या पानावर सभेची तारीख चुकली होती. सातऐवजी सतरा. तेवढ्यावरून जिल्हा कचेरीने हरकत फेटाळली असती. तिने सतरा खोडले, बाजूला नीट सात लिहिले. दुरुस्तीशेजारी सही करायची सवय होती. हात तिथवर गेला आणि तिने तो मागे घेतला.

“इथे तू कर,” तिने केंजेकानला बोट दाखवलं.

केंजेकानने केली.

डबा तिने परिचारिकेच्या मांडीवर ठेवला. केंजेकानने काच वर घेतली आणि शाइरबेकने गाडी सुरू केली.