चुलीमागे एक वाटा

कांगारूचं धाकटं भावंड शोभेल असा वॉलबी नावाचा प्राणी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या त्या बेटावर कसा पोचला, याचं उत्तर सोपं आहे. कुणा श्रीमंत म्हाताऱ्याला हौस आली आणि त्याने दोन-चार जोड्या आणून सोडल्या. म्हातारा मरून गेला, हौस मात्र पिल्लं घालत राहिली. आता बेटावर गवताची काडी उरली नव्हती. समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात, ती बिळं ढासळत होती. शेवटी म्हाताऱ्याच्या नातवाने परवानेवाल्या शिकाऱ्यांना बोलावणं धाडलं. माणसानेच आणायचं, माणसानेच उपद्रवी ठरवायचं आणि गोळीही माणसानेच घालायची. वॉलबीचं मत कुणी विचारलं नाही.

बंदुका दोघांच्याच होत्या, शेमसची आणि प्रतापची. प्रताप पोर्टलीशला राहायचा, औषधांच्या कारखान्यात इंजिनियर होता आणि शेमस त्याचा तिथलाच आयरिश दोस्त. बाकीची मराठी मंडळी ओझी वाहायला. त्यांत सिटीवेस्टचा राजीव होता. राजीव सॉफ्टवेअरवाला, त्याने उभ्या जन्मात उंदीरसुद्धा मारला नव्हता. तरी भल्या पहाटे होडीत बसून तो गेला, कारण त्याला माधवीला जेवायला बोलवायचं होतं.

माधवी त्याची बायको. मेनूथच्या विद्यापीठात तिचं संशोधन चालायचं. जानेवारीपासून तिने तिथेच खोली घेतली होती. "रोजचं जाणं-येणं जमत नाही तिला," असं राजीव सगळ्यांना सांगायचा. सिटीवेस्टहून मेनूथ गाडीने अर्ध्या तासावर, पण राजीव सांगायचा तेव्हा मध्ये दोन डोंगर आणि एक समुद्र असावा असं वाटे. मित्र बिचारे मान डोलवायचे.

आधीच्या आठवड्यात त्याने तिला फोन केला होता. "वॉलबीचं मटण मिळणार आहे. रविवारी येशील?" ती म्हणाली, "बघते." या एका शब्दावर राजीवने सुकं खोबरं भाजलं, खसखस-तीळ भाजले, मसाला वाटून फ्रिजमध्ये ठेवला, पलंगावरची चादर बदलली. माधवी कोल्हापूरची. तांबड्या रश्श्यापुढे तिचा राग टिकत नाही, हे तो नऊ वर्षं पाहत आला होता. ती आली, जेवली की राहील; आणि एक रात्र राहिली की परत जाणार नाही. वेडी आशा होती, पण होती.

बेटावर वारा असा की बोललेलं तोंडातच राहावं. शेमस मादी पडली की आधी तिच्या पोटाच्या पिशवीत पिल्लू आहे का ते चाचपून बघायचा, मगच पुढचं काम. राजीव तेवढा वेळ समुद्राकडे तोंड करून उभा राहायचा. "राजीव, शेपूट पकड," प्रताप ओरडला, "नाहीतर शेमस म्हणेल, योर मॅन, हा तुमचा गडी, फक्त फोटो काढायला आलाय." राजीवने तो गरम देह खांद्यावर घेतला. दिसतो त्याहून तो जड होता. उतारावरून खाली येताना त्याने मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि लगेच रविवारचा विचार सुरू केला.

मांस शेमसच्या थंड खोलीत टांगून ठेवलं होतं. रविवारी सकाळी प्रतापच्या घरामागच्या शेडमध्ये सगळे जमले. तिथे सत्ता प्रतापच्या वडिलांची होती. रमेशकाका सुनेच्या हातचं खायला म्हणून तीन महिन्यांसाठी आले होते आणि कंटाळले होते. आज त्यांना काम मिळालं. गावच्या यात्रेत बकऱ्याचे वाटे घालण्यात त्यांची हयात गेलेली. मांडी, बरगडी, काळीज, शेपटी, सगळ्यातलं थोडं थोडं प्रत्येक ढिगात पडलं पाहिजे. कुणाला नुसती हाडं नकोत, कुणाला नुसतं मांस नको. आणि वाटा माणशी नाही, चुलीमागे. ज्या घरात चूल पेटते त्या घराला एक, मग आत दोन तोंडं असोत की दहा.

"बकऱ्यावानी चरबी न्हाई हो ह्याला," काका बोटांनी दाबून बघत म्हणाले. "दमानं शिजवा. घाई केली तर चामडं चावाल." प्लास्टिकच्या कागदावर ते ढीग मांडत गेले. शेमसचा एक, प्रतापचा एक, राजीवचा एक, मग बाकीच्यांचे. सगळं मांडून झालं तरी काकांचा हात थांबला नाही. ते प्रत्येक ढिगातून एकेक तुकडा उचलून आणखी एक ढीग करायला लागले.

"काका, झाले की सगळ्यांचे," राजीव म्हणाला.

"माधवीचा ऱ्हायला न्हवं?"

"तिचा कशाला? ती माझ्याकडेच येणार आहे जेवायला. आमचं एकच."

काकांनी मान वर केली. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. "आरं, परवाच योगिनीनं तिला कुकर दिला की. नवीन जागा घेतलीया म्हणाली. कुकर येगळा म्हंजी चूल येगळी. तिचा वाटा कसा मारायचा?"

प्रतापची बायको योगिनी पिशव्या भरत होती, ती भरतच राहिली. सगळ्यांना माहीत होतं. एकट्या राजीवनेच इतके महिने सगळ्यांना फसवलं होतं, आणि फसलं कुणीच नव्हतं.

"राजीव, सॉरी रे," योगिनी शेवटी म्हणाली. "आम्हाला वाटलं तू सांगशील तेव्हा सांगशील. तिने वर्षाचा करार केलाय."

"ग्रँड, ग्रँड," राजीव म्हणाला. हा शब्द या देशात कुठल्याही भोकाला बूच म्हणून चालतो. मग त्याने आपली पिशवी उचलली आणि माधवीचीही उचलली. "मी देतो नेऊन."

मेनूथला माधवीच्या नव्या जागेचा जिना चढून त्याने बेल वाजवली. माधवीने दार उघडलं. केस वर बांधलेले, अंगात जुना स्वेटर. आतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास येत होता.

"काकांचा फोन आला होता, तू येतोयस म्हणून," ती म्हणाली. "आत ये."

"तू आज येणार होतीस."

"मी बघते म्हणाले होते, राजीव. येते म्हणाले नव्हते." ती भांडत नव्हती, हेच त्याला जास्त लागलं. "आणि वेगळी जागा घेणार म्हणून मी तुला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. तू म्हणालास, बघू."

खरं होतं. मूल हवं का म्हटलं की बघू, भारतात परत जायचं का म्हटलं की बघू, माझ्याशी बोल म्हटलं तरी बघू. त्याला वाटायचं, बघू म्हणजे नाही नव्हे. तिला किती वर्षांपूर्वी ते नाही ऐकू येऊ लागलं, कुणास ठाऊक.

"जेवूनच जा आता," ती म्हणाली आणि तिने शेपटीचे तुकडे कुकरमध्ये टाकले.

मांस शिजायला वेळ लागला, आणि त्या वेळात राजीव सुखावला. वेडाच तो. तो कांदा चिरत होता, ती रस्सा ढवळत होती, बेटावरच्या वाऱ्याचं ऐकून ती हसलीसुद्धा. शेमस पिशवी कशी तपासतो हे सांगताना तो अडखळला, तेव्हा तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. वर्षभरात ते इतकं बोलले नव्हते. त्याला वाटलं, चूल वेगळी तर वेगळी. आपण इथे येऊ, सिटीवेस्टची जागा सोडू. यावेळी बघू म्हणायचं नाही, आजच म्हणायचं.

तिने त्याचं ताट वाढलं. रस्सा लालभडक, वर तवंग, शेपटीचं मांस हाडावरून बोटाने सुटत होतं. ती समोर बसली, त्याच्या वाटीकडे लक्ष ठेवून. "आणखी वाढू? भात घे ना थोडा. लाजू नकोस."

तो पोटभर जेवला. वाक्य मनात जुळवलं. बोलण्याआधी हाताला काही काम असावं म्हणून तो उठला आणि नेहमीसारखं ताट उचलून सिंककडे निघाला. लग्न झाल्यापासून घरातली भांडी त्याच्याकडेच होती. ती रांधायची, तो घासायचा.

माधवी पटकन उठली. तिने त्याच्या हातातून ताट काढून घेतलं, अगदी सहज, कुणाही आलेल्या माणसाच्या हातून घ्यावं तसं.

"अरे, राहू दे ते," ती म्हणाली. "तू कशाला? बस तू. मी घासते नंतर."

राजीव खरकटा हात तसाच धरून तिच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. मग त्याने विचारलं, हात कुठे धुऊ. तिने टॉवेल काढून दिला आणि बाथरूमचं दार दाखवलं.